चंपालालनानांची कात्री

यावलच्या पेठेतलं चंपालालनानांचं किराणा दुकान आजही रोज उघडतं, पण त्याच्या ओट्यावर कुणी बसत नाही. वीसेक वर्षांपूर्वी शाळा सुटली की हाच ओटा हाउसफुल्ल व्हायचा. दारात पाकिटांची माळ लटकायची, प्रत्येक पाकिटात पैलवानाच्या चित्राचा एक पत्ता. कोणता पैलवान निघेल ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. सोनेरी कडेचा ‘वाघ्या’ निघाला की अशी आरोळी उठायची की समोरचा शिंपी मशीन थांबवायचा. डबल आलेले पत्ते बदलायचे, त्यावरून रुसायचं, भांडायचं. नाना गूळ तोलता तोलता पंच व्हायचे.

मग एका चातुर्मासात जैन स्थानकातल्या महाराजसाहेबांनी प्रवचनात जुगारावर बोट ठेवलं. नानांनी नियम घेतला: खेळणार नाही, खेळवणारही नाही. दुकानात परतताच माळ डोळ्यांत भरली. नशिबावर पैसे लावायचे, म्हणजे जुगारच की! त्यांनी कात्री घेतली, सगळी पाकिटं कापली, पत्ते परातीत मांडले.

“घ्या रे, पाहिजे तो निवडा!”

पोरांनी जयजयकार केला. नानांनी माल पुन्हा पुन्हा मागवला. वाघ्या ज्याच्या त्याच्या खिशात गेला आणि ओटा ओस पडला.

“पोरं कुठं गेली?” नानांनी घरी विचारलं.

“पोट भरल्यावर पंगतीत कोण बसतं?” त्यांच्या पत्नी प्रेमकुंवर म्हणाल्या.

नानांनी नियम मोडण्याच्या प्रायश्चित्ताचा उपवास केला, नवी माळ टांगली. पण पोरांचं मन उडालं होतं. माळ उन्हानं फिकी पडली. त्यांनी ती उतरवली नाही.

परवा त्या पोरांतला हितेंद्र आला, आता केळीचा बागायतदार. बोटाला लेक, मोहिनी.

“नाना, वयखलं का मले? मी हितेंद्र! अरे, माळ आहे अजून! कात्री लपवा बरं आधी!”

नानांनी खरंच ती गल्ल्याखाली सरकवली.

मोहिनीनं दोन पाकिटं फोडली. “पप्पा, डबल निघाला!”

“मग बदलून घे एक,” हितेंद्र जुन्या सवयीनं बोलून गेला.

तिनं रिकाम्या ओट्याकडे पाहिलं. “कोणाशी?”

नाना गुडघ्यांवर हात टेकत बाहेर आले, उपरण्यानं ओटा झटकून तिच्यासमोर बसले. “माझ्याशी.” त्यांनी माळेतलं पाकीट तोडलं. आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतः खेळायला म्हणून. मग ते फोडलं.

“आजोबा, तुमच्याकडे पण तोच!”

तिनं तिन्ही पत्ते एकाशेजारी एक ठेवले, क्षणभर पाहिले आणि बापाचा हात ओढला.

“चला ना पप्पा.”