खोडलेला आकडा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या कृषी महाविद्यालयाच्या शेतावर मजुरी करणाऱ्या मामांचे. खोदायला बसताना ते गुडघा धरून रोज म्हणायचे, "दमलो बगा," आणि उठायचे मात्र सर्वांच्या शेवटी.

नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या रानात, वेळेवर आणि उशिरा पेरलेल्या सोयाबीनची मुळं किती खोल जातात, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. मोजणीच्या शेवटच्या दिवशी थकून मी न नांगरलेल्या वाफ्यातली रोपं न खोदता हातानेच उपटली, मोजली आणि वहीत मुळं आखूड असल्याचं लिहिलं. मामांनी एका मुळाचं टोक अंगठ्याने चाचपलं.

"आखूड न्हाय सायेब, तुटलंय. तुमचं वाचून कोणतरी उगंच नांगर घालंल की!"

माती मऊ व्हावी म्हणून शेजारच्या ओळीला पाणी सोडून ते दिवस मावळेपर्यंत खोदत राहिले. मुळं वीतभर जास्त निघाली. मी आधीचा आकडा खोडला.

पदवी मिळाल्यावर त्यांना पत्र टाकलं: "मामा, प्रबंध मंजूर झाला. आभाराच्या पानावर सगळे साहेब आले, तुम्ही राहिलात. वहीतलं ते खोडलेलं पान मी जपून ठेवलंय. गुडघा कसा आहे?"