बोटीच्या छपराची दोन तोंडं

हर्ण्याच्या पोरांत बोलवा आहे, की गणिताच्या हमिदाबाईंना बघायला आलेल्या मुलाला त्यांनी चहाआधी त्रिकोणी चितीचं, म्हणजे तंबूच्या आकाराचं, घनफळ विचारलं, त्याचं चुकलं, आणि बाईंनी त्याला वाटेला लावलं. घनफळ विचारलं हे खरं, चुकलं हेही खरं. वाटेला मात्र लावलं नाही. निकाह त्याच्याशीच झाला. "चुकला, पण रुसला नाही," एवढंच बाई सांगतात आणि ओढणी खांद्यावर टाकून फळ्याकडे वळतात.

तो वळण्याचा झोकसुद्धा नववीतल्या समरीनला हुबेहूब जमतो. मधल्या सुट्टीत ती खडू नाचवते: "पाया म्हणजे जमिनीला टेकतो तो? अगो, तंबू आडवा पडलेला असतो! त्याचं त्रिकोणी तोंड, तो पाया!" वर्ग हसून लोळतो. बाई दारातून ऐकतात. "आवाज पास. आता त्याचं क्षेत्रफळ काढ."

मे सरत आला. बोटी किनाऱ्यावर ओढून झाल्या. समरीनच्या अब्बांनी, कमालनी, यंदा बोटीला नव्या फळ्या बसवल्या होत्या. वर बांबूचं दुपाखी छप्पर उभं राहिलं. ताडपत्री मात्र एकच, तीस फूट लांब आणि चोवीस रुंद. छपराचं पुढचं किंवा मागचं त्रिकोणी तोंड उघडं राहिलं तर चार महिने झड आत येणार आणि नव्या फळ्या फुगणार.

समरीननं वाळूत हिशोब मांडला. छप्पर तीस फूट लांब, बारा रुंद, आठ उंच. एकेक उतार दहा फुटांचा. "एक हजार छप्पन्न चौरस फूट! ताडपत्री सातशे वीस. अब्बा, संपलं."

कमालचा चेहरा पडला. तेवढ्यात सुकी कोळंबी घ्यायला आलेल्या बाई दिसल्या. कमालनी हाक मारली.

"समरीन, तळ पण धरलास?" बाईंनी वाळूतले आकडे वाचले.

"एकूण पृष्ठफळात सगळंच येतं ना, बाई?"

"येतं. पण बोटीला गोधडीत गुंडाळून झोपवायचीय काय? तळाचे तीनशे साठ काढ."

उरले सहाशे शहाण्णव. समरीननं लगेच वाळूत नवी रेघ ओढली. "बाई, उतारांवर वीस फूट रुंदी गेली. राहिली चार फुटांची पट्टी. तोंड आहे आठ फूट उंच! आकडा बसेल, कापड नाही बसायचं. लावा पैज! हरले तर तुमच्यासमोर तुमची नक्कल करीन."

"आणि मी हरले तर?"

"तुम्ही माझी करायची."

"अल्ला, दोघी एकदम नको," कमाल पुटपुटले.

बाईंनी कोळंबीच्या पुडीचा कागद फाडून त्रिकोण केला. अर्ध्या उंचीवर आडवा कापला. वरचं टोक उभं चिरून त्याचे दोन तुकडे खालच्या भागाच्या दोन रिकाम्या कोपऱ्यांत उलटे बसवले. सरळ आयत झाला, उंचीला निम्मा.

"बारा बाय चार. असे दोन तुझ्या पट्टीतून निघतील. कापा, कमालभाई. आता उलटं जोडायचं, आयताचा त्रिकोण."

कमालनी दोनदा माप घेतलं आणि नव्या ताडपत्रीवर कात्री चालवली. मग जाळ्याच्या सुईनं त्यांनी कडेला कड शिवली. एक तोंड मिटलं. अंधार पडायच्या आत दुसरंही मिटलं, वर पट्टीचा तुकडा उरला.

पैज वसूल करायला शाळा उघडेपर्यंत थांबायची बाईंची तयारी नव्हती. त्या वाळूत मांडी घालून बसल्या, शेजारी कमाल, मागे चार खलाशी. समरीन उलट्या टोपलीवर चढली, ओढणी खांद्यावर टाकली आणि तोंड उघडलं. "पाया म्हणजे..." ती कशीबशी पुटपुटली.

"मी शिकवताना एवढी घाबरत नाही गो," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं."