पुऱ्या नावाची हाक

रिसोडच्या बसस्टँडजवळ ऑनलाइन सेंटर चालवणारे चाचा कोणालाही नावाने हाक मारत नसत. मी त्यांचा बापू, माझी आई मावशी आणि दुकानात शिरणारं मांजर बेगम. केनवडहून भाजी घेऊन बाजाराला आलो की माझे ईमेल तेच उघडून दाखवायचे.

एकदा माझ्या काकांना ईमेल आला. विषयातच काकांचं पूर्ण नाव, आणि मोटारसायकल बक्षीस लागल्याबद्दल अभिनंदन. नाव आपलंच आहे म्हणजे गाडीही आपलीच, असं धरून काका पेढे घेऊन दुकानात हजर. चाचांनी आधी पेढा खाल्ला, मग काकांना बसवून ही फसवणूक कशी असते ते सगळं समजावलं.

त्याच दिवशी त्यांनी नियम केला. ज्या ईमेलच्या विषयात खातेदाराचं नाव असेल, तो थेट स्पॅममध्ये. म्हणाले, "आपला मानूस भाऊ म्हनते, बापू म्हनते. पुऱ्या नावानं हाका मारनारा चोरच." आम्हाला ते तंतोतंत पटलं. नियम सगळ्यांच्या खात्यांना लागला, आणि सर्वांत आधी त्यांच्या लेकीच्या, नाझिमाच्या.

नाझिमाचं नर्सिंग झालं होतं आणि एका मोठ्या दवाखान्याच्या बोलावण्याकडे घर डोळे लावून बसलं होतं. चाचा रोज तिचं खातं उघडायचे, काही नाही म्हणून बंद करायचे. शेवटी तिनेच दवाखान्यात फोन केला. कळलं की ईमेल कधीच पाठवला होता, आणि हजर व्हायची तारीखही उलटली होती. चाचांनी स्पॅम उघडलं. ईमेल तिथेच होता, विषयात नाझिमाचं पूर्ण नाव. ती चहा ठेवायला आत गेली. मी तिथेच बसलो होतो. फार वाईट वाटलं.

"बापू, कामाच्या मानसानंही नावानंच हाक मारली," चाचा म्हणाले. "आता चोर कसा ओयखाव?"

मग त्यांनी नियम बदलला. नाव दिसलं की फेकायचं नाही, वेगळं ठेवायचं आणि स्वतः वाचायचं. नाझिमा लग्न होऊन कामरगावला गेली, तरी तिच्या खात्यातले असले ईमेल ते रोज सकाळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत.

परवा दुकान बंद करून चाचा लेकीकडे राहायला निघाले. सामान जीपमध्ये चढलं, कॉम्प्युटर तेवढा राहिला होता. त्यांनी तो पुन्हा लावला आणि लेकीचं खातं उघडलं. नाझिमाला गाडी लागली होती, घर लागलं होतं, परदेशची सहल लागली होती. त्यांनी सगळं वाचलं.

"खऱ्यानं एकच खेप हाक मारली, बापू," ते म्हणाले. "हे लबाड मात्र अजून हाका मारून राह्यले."