बंद घरातला गार वारा

सिनेमातल्या संतांना हात जोडणारी मी नव्हे. दाढी चिकटवलेल्या नटापुढे कसली भक्ती, असं मी तोंडावर म्हणत असे. त्यातून त्या हिवाळ्यात देवधर्माचं नाव काढलं तरी माझं डोकं उठायचं. सासरे गेल्यावर सासूबाईंना आम्ही पुण्याहून इथे, जर्मनीतल्या एश्बॉर्नला आणलं होतं. त्यांचा एकच हट्ट. अंधार पडला की दिवेलागण, आणि दिवेलागणीला निखाऱ्यांवर धूप. ग्रिलचे कोळसे बाल्कनीत पेटवून तिथेच धूप घाला, असं मी बजावलं होतं. त्यावर त्या म्हणायच्या, "अगं, जन्म गेला माझा यात." पुण्याच्या घरी खिडक्यांच्या फटींतून वारा खेळायचा. इथल्या खिडक्या लावल्या की घर डबाबंद होतं, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं.

एका रविवारी दुपारी शेजारच्या सुजातानं मला ओढून नेलं. ती विजयवाड्याची. तेलुगू मंडळींनी हॉल घेऊन एका संताच्या चरित्रावरचा सिनेमा लावला होता. नवरा कामासाठी श्टुटगार्टला गेलेला, आई, म्हणजे सासूबाई, घरी एकट्या. सातपर्यंत येते, असं त्यांना सांगून निघाले. चारलाच अंधारतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

हॉलच्या दाराशी चपला-बुटांचा ढीग होता. संत पडद्यावर आले की सगळे उठून हात जोडत. मी आपली बसून राहिले. मग संत दगडी कोठडीत समाधी लावून बसले तो प्रसंग आला आणि मला धुपाचा वास आला. घशाशी बसणारा, दाट.

"सुजाता, धूप लावलाय का कोणी?"

"इथे? उदबत्तीसुद्धा चालत नाही गं!"

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. संतांनी डोळे उघडले होते आणि ते थेट माझ्या रांगेकडे बघत होते. सावकाश उठले, मागच्या भिंतीतली खिडकी त्यांनी उघडली, आणि माझ्या तोंडावर गार वारा आला. हॉलमध्ये कोणीच उठलं नव्हतं. उभी होते ती मी एकटीच, आणि कधी उठले ते मला कळलं नव्हतं. मला भीती वाटली, सरळ भीती. आईंना फोन लावला. उचलला नाही. मी बूट हातात घेऊन बाहेर पडले, फुटपाथवर कसेबसे चढवले आणि घराकडे धावत सुटले.

घरात थंडीसाठी रोलाडन, म्हणजे खिडक्यांबाहेरचे गुंडाळपडदे, खालपर्यंत ओढलेले, खिडक्या घट्ट. देव्हाऱ्यापाशी धुपाटण्यात निखारे लाल, आणि शेजारी आई भिंतीला कलंडलेल्या. हाक मारली तर ओ नाही. त्यांना काखेत धरून बाल्कनीत ओढलं, घर उघडं टाकलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, कोळशाच्या या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो. मग माझ्याकडे बघून विचारलं, "पण तुम्ही वेळेवर कशा पोचलात?"

शुद्धीवर आल्यावर आई म्हणाल्या, "तू यायच्या आधी कोणीतरी खिडकी उघडली गं. गार वारा लागला मला." मी पोचले तेव्हा सगळ्या खिडक्या बंद होत्या.

पुढे सुजाताला त्या प्रसंगाबद्दल विचारलं. ती गोंधळली. तो सिनेमा तिनं अनेकदा पाहिलाय. तिथे संत डोळे उघडतच नाहीत. मी स्वतः लॅपटॉपवर पाहिलं. त्या कोठडीला खिडकीच नाही. पुन्हा पाहायचं धाडस मी केलेलं नाही.

हे काय होतं, याचा छडा लावायचं मी सोडून दिलंय. सगळं मी बजावलं, मी ठरवलं की नीट होतं, या भ्रमात मी होते. मी त्या दिवशी काही मागितलंही नव्हतं, नमस्कारसुद्धा केला नव्हता. तरी मला उठवलं गेलं. आता पलीकडच्या खोलीतून आईंचं घोरणं ऐकू आलं, की मी अंथरुणात उठून बसते आणि हात जोडते.