गियरभाऊ आणि मागची गाडी

गियरभाऊंच्या सायकलीला घंटी होती. डोंगरातल्या शर्यतीत पळणाऱ्या सायकलीला घंटी, हे वाचून ज्यांना काहीच वाटलं नाही त्यांनी असली शर्यत कधी पाहिलेली नाही. तिथे जमणारी पोरं सायकलीचं वजन कमी करण्यासाठी जिवाचं रान करतात, स्क्रूसुद्धा हलके शोधून आणतात. आमच्या गियरभाऊंच्या सायकलीला घंटी होती, स्टँड होता आणि मागे कॅरियरही होतं. कोणी हसलं तर ते शांतपणे विचारत, "स्टँड काढला तर उभी कुठे करू? आडवी टाकू? सायकल आहे का म्हैस आहे?" घंटीबद्दल तर ते काही ऐकूनच घेत नसत. "उतारावर समोर माणूस आला तर त्याला काय भाषण देऊ? घंटी वाजवली की कोणत्याही मुलखात समजतं."

आम्ही भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, पिपलानीत एकाच ब्लॉकमध्ये राहायचो. वरच्या मजल्यावर ते आणि वहिनी, खाली आम्ही. ते मूळचे नागपूरचे, कारखान्यात टर्बाईनच्या देखभालीवर इंजिनियर. पन्नाशी जवळ आली की आमच्या टाउनशिपमधले साहेब लोक डॉक्टरांच्या धाकाने पहाटे फिरायला लागतात. गियरभाऊंनी त्याऐवजी डोंगरात चालवायची गियरची सायकल आणली. शेजारच्या बरखेडा वस्तीतल्या पोरांनी त्यांना 'गियरवाले अंकल' केलं, मराठी मंडळात त्याचं 'गियरभाऊ' झालं, आणि खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. मी त्यांचा मॅनेजर. म्हणजे शर्यतीच्या गावी त्यांचा थर्मास आणि स्वेटर धरून उभा राहणारा माणूस. कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा मी स्कूटर काढतो, तेव्हा या पदासाठी माझी निवड कशी झाली ते मला आजवर कळलेलं नाही.

ते कॅरियर त्यांनी गोविंदपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमधून खास बनवून घेतलं होतं. वेल्डर म्हणाला, "भाईसाब, इस पे तो सिलेंडर भी आ जाएगा." गियरभाऊंनी ते मनावर घेतलं आणि पुढे खरोखरच सिलेंडर आणू लागले. त्याला ते सराव म्हणत. केरवा धरणाकडच्या चढावर रविवारी सकाळी कोणी गॅसचं सिलेंडर घेऊन सायकल मारताना दिसला तर जुने भोपाळकर ओळखायचे की सीझन जवळ आला.

पाऊस ओसरला की आधी सायकलीचं 'शटडाउन' होई. कारखान्यात मोठं यंत्र वर्षातून एकदा बंद करून पूर्ण उघडतात, पुसतात, तपासतात आणि पुन्हा जोडतात, तसं. वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली जात, त्यावर सायकलीचा सुटा भाग न् भाग मांडला जाई, आणि पुढचे काही दिवस त्या घरात जेवणं जमिनीवर होत. चेन घासायला वहिनींचा जुना ब्रश, पुसायला वहिनींचा जुना परकर. एकदा मी गेलो तेव्हा वहिनी वरणाचं पातेलं हातात घेऊन उभ्या होत्या आणि ते ठेवायला जागा नव्हती. "पाहा नं भाऊजी," त्या म्हणाल्या, "लोकांचे नवरे रिटायर व्हायच्या वयात देवाधर्माला लागतात. हे घरात वर्कशॉप काढून राहिले." गियरभाऊ मान वर न करता म्हणाले, "देवाचंच आहे हे. फिरणाऱ्या वस्तूला तेल द्यावं, यापेक्षा मोठा धर्म नाही." असलं वाक्य ऐकलं की त्या पातेलं घेऊन आमच्याकडे येत आणि आमच्या टेबलावर ठेवत.

सीझन म्हणजे तीन शर्यती. नवरात्रानंतर हिमाचल, थंडीच्या शेवटी सातारा आणि सगळ्यात शेवटी आमची घरची पचमढी. एल.टी.सी. मिळेल त्या वर्षी हिमाचलला ती घेऊनच जायचं. सरकारी खर्चाने कुटुंबाला देश दाखवायचा असतो, त्यामुळे वहिनींना हिमाचल तर दिसला, पण शर्यतीच्या मागच्या बाजूने. सायकल रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून जाई. तिला ओरखडा उठू नये म्हणून वहिनींची गोधडी गुंडाळून वर दोरीने बांधत. हबीबगंज स्टेशनवरच्या हमालाने एकदा ते गाठोडं पाहून हळूच विचारलं, "पेशंट को कहाँ ले जा रहे हो, साब?" गियरभाऊ म्हणाले, "हवा बदलने." मोठं स्टेशन आलं की ते चप्पल पायात अडकवून सामानाच्या डब्याकडे पळत, गोधडी जागेवर आहे ना ते पाहत आणि गाडी सुटता सुटता भलत्याच डब्यात चढत. वहिनी आधी घाबरायच्या. पुढे पुढे त्या गाडी हलली की दशम्यांचा डबा उघडून मला म्हणायच्या, "तुम्ही सुरू करा भाऊजी, ते येतील चालत चालत."

आता शर्यतीतल्या त्यांच्या कामगिरीबद्दल. ती टाळता आली असती तर बरं झालं असतं. अशा शर्यतीत सगळ्यात शेवटच्या स्पर्धकामागून एक जीप चालते. ज्याची वेळ संपली, ज्याचा दम संपला, त्याला ती उचलते. तिला सगळे 'मागची गाडी' म्हणतात. गियरभाऊ दरवर्षी प्रत्येक शर्यतीत मागच्या गाडीतून परत आले. यात कधी खंड पडला नाही. हिमाचलचा ड्रायव्हर तर त्यांना पाहिल्यावर सलाम करून पुढची सीट झटकून ठेवायचा. वहिनी आणि मी सुरुवातीला शेवटच्या रेषेवर उभं राहून वाट पाहायचो. मग वहिनींनीच व्यवहार पाहिला. एवीतेवी भेट मागच्या गाडीतच व्हायची, तर आधीपासून तिच्यातच बसावं, सावलीही मिळते. आयोजकांनाही या कुटुंबाची सवय झाली होती, त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

बरं, माणूस कमजोर होता म्हणावं तर तसंही नाही. चढावर ते पोरांना मागे टाकत. घात करायचा तो भोंगा. आमच्या कारखान्यात दुपारी जेवणाचा भोंगा होतो, आणि टाउनशिपमध्ये ज्याने आयुष्य काढलं त्याच्या पोटात तो कायमचा बसतो. जगात कुठेही असले तरी त्या वेळेला गियरभाऊ सायकल थांबवत, स्टँडवर लावत, झाडाखाली नॅपकिन पसरत आणि कॅरियरवरचा डबा सोडत. शर्यत सुरू असताना! पोळी, भाजी, लोणच्याची फोड, शेवटी ताक. वर पाच मिनिटं डोळे मिटणं. मी एकदा चिडून म्हणालो, "अहो भाऊ, लोक तिकडे केळंसुद्धा सायकलवर बसून खातात." ते माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहत राहिले. "मशीनलासुद्धा लंच देतो आपण. मी मशीनपेक्षा गेलो काय?" ताक पिऊन होईपर्यंत मागची गाडी शांतपणे त्यांच्याशेजारी येऊन थांबलेली असे.

एवढं असून त्यांच्या मनात एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी मला निवृत्तीच्या आदल्या वर्षी केरव्याच्या चढावर सांगितली. मी स्कूटरवर होतो, ते अर्थात सायकलवर. "पुढच्या वर्षी क्वार्टर सोडून नागपूरला जावं लागेल," ते म्हणाले. "तिथे डोंगर कुठे आहे? हा शेवटचा सीझन. मेडल बिडल जाऊ दे. एकदा हिच्यासमोर ती रेषा ओलांडायची आहे. लग्न झाल्यापासून हिने मला काही जिंकताना पाहिलेलं नाही हो. प्रमोशनच्या वेळीसुद्धा माझं नाव दुसऱ्या यादीत होतं." मी थट्टेत काहीतरी बोलणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून नुसता स्कूटरचा वेग कमी केला.

त्या सीझनला हिमाचल गेला, मागची गाडी. सातारा गेला, मागची गाडी. उरली पचमढी. पिपरिया स्टेशनवर उतरून पचमढीकडे जाताना त्यांनी वहिनींना सांगितलं, "यंदा त्या मागच्या गाडीत बसू नको. रेषेवर उभी राहा." वहिनी म्हणाल्या, "बरं." गियरभाऊंनी पुन्हा विचारलं, "नक्की नं?" वहिनी म्हणाल्या, "आता काय स्टँपवर लिहून देऊ? उभी राहते म्हटलं नं."

आणि सकाळी घोटाळा झाला. शिट्टी वाजली, सगळ्या सायकली धुरळा उडवत जंगलात शिरल्या, घंटीचा आवाजही वळणामागे विरला, आणि वहिनींनी थर्मास ठेवायला पिशवी उघडली तर आत डबा. कॅरियरला बांधायचा राहून गेलेला. "अगं बाई," त्यांनी डबा बाहेर काढला. "उपाशी राहतील हो! साखर आहे त्यांना, चक्कर येऊन कुठे पडले तर?" मी म्हणालो, वाटेत पाणी-केळी देणारे लोक असतात. पण वहिनींचं ठरलं होतं. दुपारी ते कुठेतरी झाडाखाली बसणारच, मागची गाडी तिथे पोचणारच, आणि डबा हातात पडणारच. इतक्या वर्षांचा अनुभव होता. रेषेवर उभं राहण्याचं वचन मी आठवून दिलं, तर म्हणाल्या, "माणूस धड राहिला तर रेषा. चला बसा."

आम्ही मागच्या गाडीत बसलो. वाटेत दोन दमलेली पोरं उचलली, त्यांना वहिनींनी थर्मासमधला चहा पाजला. जेवणाची वेळ झाली तसं प्रत्येक झाडाखाली पाहू लागलो. साल होता, मोह होता, आंबा होता, गियरभाऊ कशाखालीच नव्हते. वहिनी आधी बडबडत होत्या, मग प्रत्येक वळणावर त्यांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावून दरीत डोकावायला सुरुवात केली. गजानन महाराजांचं नाव सुरू झालं. डबा त्यांनी छातीशी धरला होता. मी "काही होत नाही वहिनी" म्हणत होतो, पण मीही दरीत डोकावत होतो.

शेवटचं वळण घेतलं आणि मैदान दिसलं. कमानीखाली रेषेच्या पलीकडे सायकल स्टँडवर उभी होती आणि कॅरियरवर गियरभाऊ बसले होते. गळ्यात मेडल. वेळ संपायला बराच अवकाश असताना ते पोचले होते. वहिनी उतरून धावल्या. गियरभाऊंनी वर पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या माणसाचा चेहरा पडलेला पाहिला.

"कुठे होती?"

"डबा राहिला होता माझ्याजवळ. द्यायला आले मागून."

"मला वाटलं डबा तुझ्याजवळ आहे म्हणजे तू रेषेवर असशील. म्हणून थांबलो नाही कुठे. भूक लागली तसा जोरात मारत आलो."

"लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील नं?"

"वाजवल्या. ते सगळ्यांसाठीच वाजवतात."

वहिनी पदर खोचून म्हणाल्या, "उठा. त्या वळणापर्यंत परत जा अन् परत या."

"काय?"

"परत जा म्हटलं नं. मी आता हलत नाही इथून."

पोरं कमानीच्या दोऱ्या सोडत होती. वहिनी तिकडे वळून त्यांच्या खास नागपुरी हिंदीत गरजल्या, "ए भैया, रुको जरा! हमारा आदमी अभी आने का बाकी है!" पोरं दोऱ्या धरून थांबली. गियरभाऊंनी मुकाट्याने स्टँड काढला आणि वळणाआड गेले. मग घंटी ऐकू आली. आधी लांबून, मग जवळून, सारखी वाजत. त्या वळणावरून गियरभाऊ खाली मान घालून जिवाच्या आकांताने आले, जसं काही मागे सगळं जग लागलंय, आणि त्यांनी ती रेषा ओलांडली. मैदानावर होते नव्हते ते सगळे टाळ्या वाजवत होते. वहिनी टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांच्या दोन्ही हातांत डबा होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "झालं आता," त्या म्हणाल्या. "आधी जेवा."

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी क्वार्टर सोडलं. ट्रकमध्ये सामान चढलं, सायकल सगळ्यात शेवटी, त्याच गोधडीत. नागपूरहून त्यांचे फोन येत. सपाट रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे बिनमिठाचं वरण, असं म्हणत. उड्डाणपुलांवर सराव करत असत, आणि कोणता पूल कोणत्या घाटाच्या तोडीचा आहे ते मला समजावून सांगत.

मग एक दिवस वहिनींचा फोन आला, दवाखान्यातून. मी मिळेल त्या गाडीने नागपूर गाठलं, तोवर सगळं आटोपलं होतं. वहिनी घरी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाल्कनीत सायकल स्टँडवर उभी होती, घंटी लखलखीत पुसलेली.

"रात्रंदिवस मी बसून होते हो त्यांच्याजवळ," वहिनी म्हणाल्या. "त्यांनीच म्हटलं, जा, चहा पिऊन ये. मी पिऊन वर आले तर हे गेले होते. याही वेळी मी नव्हतेच रेषेवर."

वहिनी बाल्कनीकडे पाहत होत्या.

"आता परत जा अन् परत या, असं कोणाला म्हणू, भाऊजी?"