रंगूबाईची वहिवाट

माण तालुक्यातल्या रंगूबाईचं रान भाऊसोच्या रानापलीकडं. तिथं पोचायला वाट एकच, भाऊसोच्या दारावरून. नवरा जोतिबा मुंबईला कामाला, त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून ती वाट तुडवली रंगूबाईनंच. गेल्या साली भाऊसोनं डाळिंब लावलं आणि वाटेवर फाटक बसवून कुलूप घातलं. रंगूबाई भांडली नाही. मेंढरं बहिणीकडं ठेवली आणि कोर्टात दावा लावला.

तिची वकील ज्ञानदा साताऱ्याची. तिनं आधी शब्द समजावले. ‘वहिवाट’ म्हणजे वाहती वाट, वर्षानुवर्षं हक्कानं वापरलेली. ‘साक्ष’ या शब्दात ‘अक्ष’, म्हणजे डोळा आहे. तेव्हा डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं.

रंगूबाईनं तेवढंच सांगितलं. उलटतपासणीत भाऊसोच्या वकिलानं सहज विचारलं, “जाताना भाऊसोंना विचारत होता?”

“व्हय की. रोज. ‘भाऊसो, जाऊ का?’ म्हनायची.”

वकील समाधानानं खाली बसले. ज्ञानदा रंगूबाईच्या कानाशी आली. “मावशी, हे हक्कानं जाणं ठरत नाही. ही परवानगी झाली. फारसी ‘परवाना’ म्हणजे हुकूम. हुकूम देणारा तो काढूनही घेतो.”

कुणाच्या दारावरून मुकाट जाणं रंगूबाईच्या माहेरी उद्धटपणा समजत. त्या रीतीपायी रान जाणार?

“ताई, मला आनखी बोलू द्या,” ती म्हणाली.

फेरतपासणीत ज्ञानदानं विचारलं, “ते ‘जा’ म्हणायचे?”

“कवाच न्हाई. ‘तिकडं पाऊस हाय का गं?’ म्हनायचं.”

“घरी नसले तर?”

“तर कुत्र्याला इचारायची.”

कोर्टात हशा पिकला. रंगूबाई हसली नाही. “त्यांनी दोन वर्सं आमच्याशी बोलनं टाकलं हुतं. तवा बी मी ‘जाऊ का?’ म्हनत हुते आनि जात हुते. उत्तराला थांबले न्हाई. इचारा त्यास्नी.”

पुढच्या तारखेला भाऊसोला विचारलं. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. “जात हुती. म्या कधी आडवली न्हाई. आडवायचं सुचलं बी न्हाई, डाळिंब लावस्तोवर.”

ते ‘जाऊ का’ म्हणजे परवानगी नव्हे, शेजाऱ्याची रीत, असं निकालात आलं. फाटकाचं कुलूप निघालं.

दुसऱ्या दिवशी रंगूबाई मेंढरं घेऊन निघाली. ज्ञानदानं बजावलं होतं, यापुढं विचारायचं नाही. भाऊसो बाजेवर बसला होता. तिच्या ओठांवर जुनं वाक्य आलं, ते तिनं गिळलं.

“भाऊसो, चालले.”

“जा की,” तो दुसरीकडं बघत म्हणाला. “आता कोन इचारतंय!”

रंगूबाईनं मेंढरं पुढं हाकली.