आधी खर्ज

आमच्या ह्यांचं वाक्य आपणच पूर्ण करायची मला खोड आहे. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, की दुखणं मी सांगते. टपरीवर ह्यांचा चहाही मीच सांगते, साखर जास्त. हे नुसते हसतात.

अशा माणसाला मी मनीषनगरात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गायला ओढून नेलं. वरच्या मजल्यावरच्या बाई अमेरिकेत मुलीकडे राहून आल्या, त्या तिथली दोनेकशे वर्षांपूर्वीची ख्रिस्ती स्तोत्रं घेऊनच. साध्यासुध्या माणसांना वाचता यावेत म्हणून स्वर त्रिकोण, गोल, चौकोन अशा आकारांत लिहिलेले. ऐकायला कोणी नाही. चारी बाजूंना गाणारेच समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने एक जण मधे उभा राहून हाताने ठेका देतो. गायचं ते अगदी बेंबीच्या देठापासून. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

त्या रविवारी मधे उभं राहायची पाळी माझी होती. मी निवडलेल्या स्तोत्रात सगळे एकदम थांबतात, मग खर्जातले लोक एकटे पुढची ओळ उचलतात आणि बाकीचे एकामागून एक त्यांच्या मागे पळतात. आमच्याकडे खर्जात दोघंच. त्यातले एक सावनेरला लग्नाला गेलेले. उरले आमचे हे. ह्यांनी तोंड उघडलं नाही तर माझं स्तोत्र तिथेच बसणार होतं.

सगळे थांबले. मी हात खाली आणला, ह्यांनी श्वास घेतला, आणि ह्यांची ओळ माझ्याच तोंडून बाहेर पडली, तीही चिरक्या आवाजात. सगळा हॉल हसायला लागला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

तेव्हा हे खुर्चीतूनच म्हणाले, "तू थांब वं. पहिले मले म्हणू दे."

मी ओठ दाताखाली धरले. ह्यांनी ओळ उचलली. इतका भरदार आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. मागून बाकीचे आवाज धावत आले, एकमेकांच्या अंगावर पडले, आणि माझ्या अंगात वारं शिरलं. माझी स्वतःची ओळ आली आणि गेलीसुद्धा. मी नुसती हात हलवत वेड्यासारखी हसत होते.

नंतर आम्ही टपरीवर गेलो. चहावाल्याने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी कसंबसं तोंड मिटून ठेवलं.

"मले बिनसाखरेचा दे गा," हे म्हणाले.

मला हसताहसता ठसका लागला. इतकी वर्षं हा माणूस माझ्या आवडीचा चहा पीत होता.